ट्रिल ऐकू येईपर्यंत

संगीतशाळेत त्यांना सगळे ऑर्केस्ट्राबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. एकतीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. व्हायोलिन शिकणारी मुलं कॉन्चेर्टो वाजवायला उभी राहिली की त्यांच्या मागच्या साठ माणसांच्या ऑर्केस्ट्राचं काम एकटीने पियानोवर निभवायचं. चेलो, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे, सगळं दहा बोटांत. एका छोट्या विद्यार्थिनीने एकदा विचारलं होतं, "बाई, नगारा कुठल्या बोटाने वाजवता?" बाई म्हणाल्या, "डाव्या करंगळीने. म्हणून तर ती अशी वाकडी झालीय." करंगळी खरंच वाकडी होती.

काळजी हा बाईंचा जन्माचा स्वभाव. वादनाच्या दिवशी त्या तासभर आधी पोचत. पियानोची पेडल्स दाबून बघत, स्टूल डुगडुगत नाही ना ते बघत, खिडकीची कडी लावत, कारण एकदा वाऱ्याने पान उलटलं होतं. पर्समध्ये चष्म्याची दुसरी जोडी, पानं धरायला चार चिमटे, आणि चिमटे हरवले तर आणखी दोन. घरातून निघताना गॅस दोनदा बघून व्हायचा, तरी जिन्यावरून परत फिरत. त्यांचे यजमान आरामखुर्चीतून हात वर करत. "गॅस बंद आहे. मी घरातच आहे. जा आता." बाई तरीही बघून जात.

यजमान पाणीखात्यातून निवृत्त झालेले. जमिनीखालच्या नळांची गळती शोधणं हे त्यांचं काम होतं. लोखंडी दांडी रस्त्याला टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि पाणी कुठे झिरपतंय ते सांगायचं. दोघांची पोटं कानावर चालली, असं ते पाहुण्यांना हसून सांगत.

आता बाईंना एवढी धास्ती कसली, हे कळायला कॉन्चेर्टोची घडण थोडी सांगायला हवी. जुन्या धाटणीच्या कॉन्चेर्टोत आधी ऑर्केस्ट्राच बोलतो. तीन-साडेतीन मिनिटं व्हायोलिनवाला नुसता उभा असतो, हात कुठे ठेवावेत ते न सुचून. मग व्हायोलिन आत येतं, ऑर्केस्ट्राचेच सूर उचलतं, त्यांच्याशी हुज्जत घालतं, लाडीगोडी करतं, त्यांना मागे टाकून पळतं. पहिला भाग संपत आला की ऑर्केस्ट्रा एका अधांतरी स्वरावर येऊन थांबतो, कुणी वाक्य अर्ध्यात सोडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं तसा. तिथे कॅडेन्झा येतो. आता व्हायोलिन एकटं. मघापासून जे काही झालं त्यातलंच घेऊन, पण मनाला येईल तसं. जुन्या काळी रचनाकार त्या जागी काही लिहीतच नसत. फक्त थांबण्याची एक खूण असायची, बाकी सगळं वाजवणाऱ्याच्या अकलेवर. पुढे थोरामोठ्यांनी आपापले कॅडेन्झा लिहून छापले आणि मुलं ते पाठ करू लागली. कॅडेन्झाच्या शेवटी एक ट्रिल असतो, म्हणजे शेजारशेजारचे दोन सूर झरझर आलटूनपालटून. ती ऑर्केस्ट्राला हाक असते, की या आता. आणि त्या हाकेला नेमक्या क्षणी सगळ्यांनी मिळून ओ द्यायची असते.

बाईंच्या बाबतीत "सगळे" म्हणजे त्या एकट्या. कॅडेन्झाची ती दोन-अडीच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसायचं आणि कानात प्राण आणून त्या ट्रिलची वाट बघायची. उरलेल्या अर्ध्या तासाची त्यांना भीती वाटत नसे. भीती सगळी त्या हात मांडीवर ठेवण्याचीच.

तिला कारणही होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, शेवटच्या परीक्षेत, एका उंच, अबोल विद्यार्थ्याच्या कॅडेन्झात बाईंनी मधलाच एक ट्रिल शेवटचा समजला आणि दोन्ही हातांनी धाडकन आत शिरल्या. तो विद्यार्थी थांबला. त्याने व्हायोलिनचा गज खाली घेतला, पुन्हा तारेला लावला, पण मघाशी कुठे होतो ते त्याला सापडेना. त्या वर्षी तो नापास झाला आणि नंतर शाळेत दिसला नाही. तो भांडला असता तर बाईंना सोसलं असतं. तो जाताना "येतो बाई" म्हणून गेला. त्यानंतर बाईंनी छापील कॅडेन्झा एकेक करून स्वतः पाठ करून टाकले. असे सात पाठ झाले. मुलं वाजवत आणि बाई मनात त्यांच्याबरोबर चालत, अंधारात ओळखीच्या जिन्यावरून उतरावं तशा, पायऱ्या मोजत. पुढची अठ्ठावीस वर्षं पाय चुकला नाही.

मग एका रविवारी दुपारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पानांवर खुणा करत होत्या. पाठीमागे गॅसवर किटली होती, शिट्टीची. यजमान बाहेरच्या खोलीतून आले आणि गॅस बंद केला.

"अगं, केव्हाची ओरडतेय! अर्धं पाणी आटलं."

"आत्ता तर ठेवली."

"ऐकू नाही आली?"

"लक्ष नव्हतं हो," बाई म्हणाल्या.

यजमानांनी किटलीत पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बाई समोर असताना किटली ठेवली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. बाईंना तोटीतून वाफ निघताना दिसली. "झाला की चहा," त्या म्हणाल्या, "वाजतेय ना." यजमानांनी किटली उतरवली. बाई खोटं बोलल्या हे दोघांनाही कळलं होतं. पण जन्मभर कान लावून उभ्या राहिलेल्या माणसाला गप्प कधी राहावं हेही कळतं.

त्याच आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं, की चार नंबरच्या खोलीतल्या पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या नुसत्या टकटक करतात. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज, सूर नाहीच. त्यांनी पियानो लावणाऱ्या काकांना बोलावून घेतलं.

"काका, वरच्या तारा मेल्यात हो. बघा एकदा."

काकांनी झाकण उघडलं, एकेक पट्टी दाबली, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा दाबली. मग हातातली किल्ली खाली ठेवली.

"बाई, एक करा. डोळे मिटा. मी खालून वर जातो. शेवटचा सूर ऐकू आला की मला थांबवा."

बाईंनी डोळे मिटले. सूर एकेक पायरी वर चढत गेले, बारीक होत गेले, आणि मग टक. पुन्हा टक.

"इथेच," बाई म्हणाल्या. "इथून पुढे मेल्यात."

बाईंनी डोळे उघडले तेव्हा काका तारांकडे बघत होते, बाईंकडे नव्हते. "इथून वर दीड सप्तक आहे, बाई," ते हलकेच म्हणाले. "आणि सगळं ठणठणीत वाजतंय."

बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते, "काका, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतोय. पण दाखवून घ्या कुणाला तरी."

त्यांनी दाखवलं नाही. दाखवलं तर कागद होणार, कागद झाला की संचालकांच्या टेबलावर जाणार. आणि काम तर नीट चाललं होतं. सातही कॅडेन्झा पाठ होते, त्यामुळे कान जिथे हात टेकत तिथे डोकं पुढचं भरून काढत होतं. वरचे सूर ऐकू येत नाहीत हे त्यांना कळलंच नव्हतं, ते याच कारणाने. त्यांना ते ऐकू येत होते, फक्त आतून. बाईंनी हिशेब केला, निवृत्तीला दोन वर्षं. सात कॅडेन्झा दोन वर्षं पुरतील.

आठवा आणला घाईने.

घाई म्हणजे लिफ्टदुरुस्तीवाल्याची मुलगी, सतरा वर्षांची. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची, वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची, आणि कुठलाही कॉन्चेर्टो लिहिला आहे त्यापेक्षा चार पावलं पुढे पळवायची. नाव सरांनीच पाडलं होतं. सर म्हणजे व्हायोलिनचे मुख्य शिक्षक, स्वभावाने कडक, पण घाई वाजवू लागली की त्यांचा पाय आपोआप ठेका धरायचा. त्या वर्षीच्या कॉन्चेर्टो-स्पर्धेत तिचं नाव होतं. स्पर्धेत साथ पियानोचीच. जो पहिला येईल त्याला शहरातल्या मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर सगळा कॉन्चेर्टो वाजवायला मिळणार.

"सर, कॅडेन्झा मी माझा वाजवणार आहे," तिने सांगितलं. "छापलेला नको. ती जागा मोकळीच सोडलेली आहे ना?"

सरांनी भुवया वर केल्या, मग हसले. "आहे मोकळी. कर. आधी असंच करायचे. पण शेवटी ट्रिलवर ये म्हणजे झालं, नाहीतर बाई बसतील वाट बघत."

बाईही हसल्या. हसताना त्यांच्या तळव्यांना घाम फुटला होता.

घाईचा कॅडेन्झा चांगला होता हीच मोठी पंचाईत. वाईट असता तर सरांनीच काढून टाकला असता. सुरुवातीला ती मुख्य चाल खालच्या जाड तारेवर कुजबुजल्यासारखी वाजवायची, मग तिचे तुकडे करून खेळायची. आणि शेवटी सगळे करतात तसा भरघोस, मोठा ट्रिल न घेता ती वर वर जायची, पार बारीक तारेच्या टोकापर्यंत, आणि तिथे अगदी हळू, धाग्यासारखा एक ट्रिल धरायची. सर म्हणाले, "श्वास रोखून धरायला लावतेस, पोरी."

बाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. गज तारेवर हळूहळू सरकताना दिसत होता आणि खोलीत शांतता होती.

शिवाय दर वेळी घाई काहीतरी बदलायची. कधी एक तुकडा गाळला, कधी नवा घातला. "तालीमच आहे ना," म्हणायची. मनात पायऱ्या मोजायची सोयच राहिली नाही. पहिल्या दिवशी बाई उशिरा आत आल्या. ट्रिल संपून गज उचललेला बघून त्यांनी घाईघाईने पट्ट्या दाबल्या. दुसऱ्या दिवशी फार लवकर.

"बाई, लक्ष कुठे आहे?" सर म्हणाले. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी बाईंना कधी म्हटलं नव्हतं.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सर नव्हते. घाईने कॅडेन्झा संपवला, बाई पुन्हा चुकल्या. घाईने व्हायोलिन खाली घेतलं. एरवी अशा वेळी ती जीभ काढायची किंवा "पुन्हा!" म्हणून ओरडायची. आज ती गजाच्या टोकाकडे बघत राहिली.

"बाई, माझा ट्रिल वाईट येतोय का?"

"नाही गं."

"मग तुम्हाला कळत का नाही? तुम्ही कधी चुकत नाही, सगळे सांगतात. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. दोन सूर वेगळे निघत नसतील. घरी मी रोज तासभर नुसता ट्रिलच घासतेय." तिने डावा हात पुढे केला. मधल्या बोटाच्या टोकाला कातडी सोलवटली होती. "कालपासून वाटतंय, छापलेलाच वाजवावा. माझा काढून टाकते."

आजवर बाईंनी आपली चूक फक्त स्वतःपाशी लपवली होती. आता ती या पोरीच्या बोटात शिरली होती.

"बस जरा," त्या म्हणाल्या.

घाई बसली नाही, पण थांबली. बाईंनी पियानोची उजव्या टोकाची पट्टी दाबली. "हे काय ऐकू येतं तुला?"

"सूर."

"मला नुसतं टक ऐकू येतं. तुझ्या ट्रिलला कसलाही दोष नाही. तो मला ऐकूच येत नाही. एकदाही ऐकला नाही मी."

घाईचा चेहरा आधी कोराच राहिला. मग कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे तीन आठवडे मी वेड्यासारखी बोटं सोलतेय, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोलले."

घाईने व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीची कडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली, आणि ती निघून गेली. स्पर्धेला पाच दिवस राहिले होते.

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या गॅस न बघताच आडव्या झाल्या. यजमानांनी विचारलं तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं, किटलीपासून. यजमान ऐकून घेत होते.

"मला किटलीच्या दिवशीच कळलं होतं," शेवटी ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. आता वाटतं, चुकलंच माझं."

दोन दिवस घाई आली नाही. बाई चार नंबरच्या खोलीत वेळेवर येऊन बसत, झाकण उघडत, दाराकडे बघत. बाहेर पावलं वाजली की स्टुलावरून अर्धवट उठत. तिने सरांना सांगितलं असेल. संचालकांना सांगितलं असेल. तिने सांगायलाच हवं, असंही वाटायचं, आणि तिने सांगू नये म्हणून त्या देवालाही विनवत होत्या.

तिसऱ्या दिवशी घाई दारात उभी राहिली. दम लागलेला, बहुतेक पायऱ्या दोन-दोन चढून.

"मी वरच्या वर्गातल्या एका पियानोवालीबरोबर वाजवून बघितलं," ती आत येत म्हणाली. "सरांना माहीत नाही. तिला सगळं ऐकू येतं. ट्रिलवर बरोबर आली."

"मग चांगलं झालं की," बाई म्हणाल्या.

"बाकी सगळीकडे माझ्या मागून येत होती. मी पळाले की ती धापा टाकत यायची. तुम्ही मी पळायच्या आधी पळता." तिने पेटी उघडली. "मला तुम्हीच हव्या आहात. फक्त त्या ट्रिलचं काहीतरी करू या."

"सरांना सांगायला हवं."

"स्पर्धेनंतर सांगा. आत्ता सांगितलंत तर सर माणूस बदलतील. दोन दिवसांत मी कुणाबरोबर बसवू?"

बाईंनी मान्य केलं. ते बरोबर केलं की चूक, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

मग दोन दिवस दोघी त्या एकाच जागेवर बसल्या. घाईने एकही बदल करायचा नाही, ही पहिली अट. तिने पियानोकडे वळून उभं राहायचं, म्हणजे डाव्या हाताची बोटं बाईंना दिसतील. ट्रिलला मधलं बोट फडफडतं, लांब सुराला नाही. फडफड सुरू झाली की मनात चार मोजायचे आणि पाचव्याला आत यायचं. वीसदा केलं, वीसदाही जमलं. तरी आदल्या संध्याकाळी बाईंनी यजमानांना पाच वेळा सांगितलं, की उद्या काहीतरी होणार.

स्पर्धेच्या सभागृहात बाई दीड तास आधी पोचल्या. स्टूल बघितलं, पेडल्स दाबली. तीन परीक्षक पुढच्या रांगेत बसले होते, त्यांतल्या मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, मानेभोवती शाल गुंडाळलेल्या. सर भिंतीकडेच्या खुर्चीत. लिफ्टदुरुस्तीवाला मागच्या दाराशी उभाच होता, कामाच्या कपड्यांत, बसायचं त्याला सुचत नव्हतं.

घाई आली, पियानोकडे वळून उभी राहिली. बाई पहिल्या स्वरसमूहावर हात ठेवणार, तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या परीक्षकबाई म्हणाल्या, "एक मिनिट. आमच्याकडे तोंड करून उभी राहा बाळ, दोन पावलं पुढे. तिथे उजेड आहे."

घाईने बाईंकडे बघितलं. बाईंना काही करता येण्यासारखं नव्हतं. घाई दोन पावलं पुढे गेली आणि वळली. आता बाईंना दिसत होती तिची पाठ, उजवा कोपर आणि गज. डावा हात पलीकडे, पार दिसेनासा.

पण थांबायला जागा नव्हती. बाईंनी सुरुवात केली. साडेतीन मिनिटांचा ऑर्केस्ट्रा बोटं आपोआप वाजवत राहिली, आणि डोकं एकच विचारत राहिलं, आता कसं? घाई आत आली. छान आली. पहिल्यांदा पळाली, बाई तिच्या आधी पळाल्या. सरांचा पाय हलू लागला. सगळं इतकं नीट चाललं होतं की बाईंना आणखीच भीती वाटू लागली. मग ती अधांतरी जागा आली. बाईंनी स्वर सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

जाड तारेवरची कुजबूज ऐकू आली. तुकडे ऐकू आले. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याच्या जागी चौथाच. घाईने एक तुकडा गाळला होता. विसरली की मुद्दाम, कळायला मार्ग नव्हता. बाईंनी मनातली मोजणी धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि ती सुटलीच. व्हायोलिन वर चढू लागलं, बारीक होत होत गेलं, आणि बाईंसाठी संपलं.

गज मात्र सरकत होता. संथपणे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हा ट्रिल की नुसता लांब सूर? मागून दोन्ही सारखेच दिसतात. गज उलटला, पुन्हा संथ. बाईंचे हात आपणहून पट्ट्यांवर आले. आता जावं? आता गेले आणि ट्रिल नसला तर पोरीचं सगळं मोडेल. नाही गेले आणि ट्रिल संपला तर ती एकटी उघडी पडेल. बाईंनी हात पट्ट्यांवर ठेवले आणि दाबले नाहीत.

परीक्षकांतल्या एकाने मान वर केली. सर खुर्चीत पुढे सरकले. गज पुन्हा उलटला.

आणि घाई वळली. व्हायोलिन हनुवटीखाली तसंच, गज तसाच चालता, तिने परीक्षकांकडे सरळ पाठ केली आणि बाईंकडे तोंड केलं. तिचं मधलं बोट फडफडत होतं. डोळे मोठे झालेले, आणि ओठांनी ती आवाज न करता म्हणत होती, "आता." तिने मान खाली झुकवली आणि बाई दोन्ही हातांनी आत आल्या. नगारे, तुताऱ्या, सगळं.

उरलेले दोन भाग कसे झाले ते बाईंना आठवत नाही. चांगले झाले असं सर नंतर म्हणाले.

वाजवून झाल्यावर परीक्षकांनी कागदांवर लिहिलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला. "कॅडेन्झा कुणाचा?"

"माझा," घाई म्हणाली.

"चांगला आहे. पण तो ट्रिल एवढा का ताणलास? आणि आमच्याकडे पाठ का केलीस? व्यासपीठावर असं करत नाहीत."

घाईने बोलायला तोंड उघडलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्या स्टुलावरून उठल्या. एक हात त्यांनी पियानोवर ठेवला.

"तो तिचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "तिचा ट्रिल वेळेवर झाला होता. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. सहा महिने झाले. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती माझ्यासाठी थांबली, मला दिसावं म्हणून वळली. हे माझ्या नावावर लिहा."

सभागृहात इतकी शांतता झाली की क्षणभर बाईंना वाटलं, आता सगळंच ऐकू येईनासं झालं. मग मागच्या दाराशी लिफ्टवाल्याचा खोकला ऐकू आला.

"आम्हाला जे ऐकू येतं त्यावर गुण द्यावे लागतात," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, पण आवाज मघाचा नव्हता. "बसा तुम्ही. पाणी द्या कुणीतरी त्यांना."

घाई दुसरी आली. पहिला नंबर एका शांत, नीटनेटक्या वाजवणाऱ्या मुलीला गेला, आणि तो रास्त होता हे घाईनेही मान्य केलं. अर्थात आठवडाभर रुसून झाल्यावर.

त्या दिवशी बाहेरच्या पॅसेजमध्ये ती बाईंवर जवळजवळ ओरडलीच. "कशाला सांगितलंत? आता तुम्हाला काढतील ना!"

"काढू देत."

"मी सांगणार होते की मीच ताणला. मजा म्हणून."

"तेच नको होतं मला," बाई म्हणाल्या.

सर मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर म्हणे." मग वळून गेले. दोन दिवस ते बाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत बाईंच्या शेजारची खुर्ची ओढून तेच बसले.

बाईंना काढलं नाही. कानाची तपासणी झाली, यंत्र मिळालं. यंत्र लावलं की किटली पुन्हा ओरडू लागली, पण पियानो पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा, त्यामुळे वाजवताना त्या ते काढून ठेवत. व्हायोलिनचे कॉन्चेर्टो त्या वरच्या वर्गातल्या पियानोवालीकडे गेले. बाईंनी तिला सातही कॅडेन्झा शिकवले, आणि कुणी पळणार असेल तर खांदा आधी कसा हलतो तेही. घाई दुसऱ्या वर्षी पुन्हा उतरली. तेव्हा काय झालं ते सगळ्या शाळेला माहीत आहे, पण ती गोष्ट घाईची.

सरांच्याच डोक्यातून निघालं, की बाईंना चेलोची मुलं द्यावीत. "चेलो खालच्या पट्टीत बोलतो," ते म्हणाले. "तुमचं तिथलं सगळं शाबूत आहे." चेलोचेही कॉन्चेर्टो असतात, त्यांतही ती अधांतरी जागा येते, हात मांडीवर ठेवायची वेळ येते.

पहिली विद्यार्थिनी आली ती चाळिशीची, रुग्णालयात रात्रपाळीला असणारी परिचारिका, हौसेने उशिरा शिकायला लागलेली. कॅडेन्झा सुरू करायच्या आधी तिने विचारलं, "बाई, मी कुठे अडकले तर?"

"अडकलात तर थांबा. मी आहे," बाई म्हणाल्या.

ती वाजवू लागली. खर्जातला सूर न् सूर बाईंना स्वच्छ ऐकू येत होता, अगदी गजाची खरखरही. बाईंनी हात मांडीवर ठेवले. तळव्यांना घाम सुटला होता. त्यांनी तो हळूच साडीला पुसला, पुन्हा हात ठेवले, आणि ट्रिलची वाट बघू लागल्या.